अकरा मिनिटांत एक्केचाळीस कार्डं

१८ ऑगस्ट, सोमवार

लॅव्हर्टी हायस्कूलच्या ग्रंथालयात रुजू झाले. करार एका वर्षाचा. काम असं: बारावीच्या मुलांच्या संशोधनाच्या नोंदी कागदी कार्डांवरून ऑनलाइन सिस्टिमवर आणायच्या आणि डिसेंबरमध्ये जिल्ह्याला अहवाल द्यायचा. कामाच्या नोंदी कामाच्या जागी होतील. तिथे जे बसत नाही ते इथे.

मी याच शाळेतली. ग्रंथपाल तेव्हाही नेलँडरबाईच होत्या. आज दार उघडताच म्हणाल्या, "कॉरिन मॅडोर. कार्डाच्या दोन्ही बाजूंनी लिहायचीस तू. किती वेळा ओरडले असेन."

मला आठवत नाही. त्यांनी वेलचीचा पाव आणला होता. मी एक तुकडा घेतला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मुलांना सिस्टिम समजावली. प्रत्येक कार्डावर तीन चौकटी: पुस्तकातला उतारा, तोच माझ्या शब्दांत, आणि माझा विचार. कोणी किती वाजता काय लिहिलं, किती खोडलं, टाइप केलं की दुसरीकडून आणून चिकटवलं, सगळं आपोआप नोंदलं जातं. कार्ड कोणी उघडून पाहिलं तेही कार्डाखाली दिसतं. ही शेवटची सोय बंद करता येते. मी चालू ठेवली. आपल्या कामावर कुणाची नजर आहे ते मुलांना कळायला हवं.

नेलँडरबाई मागे उभ्या होत्या. माझं झाल्यावर मुलांना म्हणाल्या, "मधली चौकट भरताना पुस्तक मिटायचं. वाचा, मिटा, चार पावलं चाला, मग लिहा. पुस्तक उघडं ठेवून स्वतःचे शब्द सुचत नाहीत, पुस्तकाचेच सुचतात."

एक मुलगा म्हणाला, "आणि चालून आल्यावर विसरलो तर?"

"तर तुला ते कळलं नव्हतं. परत वाच."

मुलं हसली. पद्धत मोजता येण्यासारखी नाही, म्हणून मी माझ्या सूचनांत घातली नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सिस्टिममध्ये वर्षाचं कॅलेंडर भरलं. शनिवार-रविवार, सणाचे दिवस आणि १५ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर ही बटाटाकाढणीची सुट्टी. या दिवसांचा हिशेब सिस्टिम धरत नाही, त्यामुळे कामाच्या दिवसांची सरासरी बिघडत नाही. आलेख स्वच्छ येतात.

८ सप्टेंबर, सोमवार

दोन विद्यार्थ्यांची नोंद, कारण दोघं दोन टोकांना आहेत.

ग्रेडन व्हिटेकर. रोज पाऊण तास, लॅपटॉपसमोर. कार्डं नियमित वाढताहेत. आलेख असा की नमुना म्हणून दाखवावा.

ऑड्रा सीर. रोज मधल्या सुट्टीत येते, 'लॅव्हर्टी सेंटिनल' या जुन्या साप्ताहिकाचे बांधीव खंड काढते आणि वाचते. खंड बाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे तिथेच बसते. विषय: ओढ्याकाठचे बटाट्याच्या स्टार्चचे कारखाने. तिच्या नावावर तीन आठवड्यांत कार्डं शून्य.

मी तिला म्हटलं, "सिस्टिममध्ये तुझं काहीच दिसत नाही."

"अजून वाचतेय, मॅडम."

"वाचतानाच लिहिलं तर सोपं पडतं."

"तुम्हाला पडत असेल." उद्धटपणे नाही, माहिती दिल्यासारखं म्हणाली.

नंतर नेलँडरबाईंकडून कळलं की ऑड्राला जानेवारीपासून नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली आहे. डिसेंबरात इथलं सगळं संपवून जायचं. शोधनिबंध पास झाला नाही तर बारावीचं प्रमाणपत्र जूनवर जाईल आणि ती जागा दुसऱ्या कुणाला. "आठ जागा असतात त्या कोर्सला," बाई म्हणाल्या. "आठ."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काढणीआधीचा शेवटचा दिवस. दुपारपासूनच मुलं बूट आणि हातमोज्यांबद्दल बोलत होती. ऑड्रा शेवटच्या घंटेपर्यंत खंडात डोकं घालून होती.

"तू कुठे आहेस यंदा?" नेलँडरबाईंनी विचारलं.

"काकांच्या हार्वेस्टरवर. पट्ट्यावर."

"तिकडे खाली ओढ्याजवळ? फोनला रेंज तरी येते का गं?"

"टेकडीवर चढलं की एक काडी. घरी तेवढीही नाही."

"बरं आहे. डोकं शांत राहील."

कार्डं अजूनही शून्य.

२४ सप्टेंबर, बुधवार

शाळा बंद. मी रोज जाते. काचेतून समोरच्या वेंटवर्थांच्या शेतात धूळ उडताना दिसते. मी शाळेत असताना चार हंगाम हार्वेस्टरच्या सरकत्या पट्ट्यावर उभी राहिले आहे. बटाटे पुढून येतात, आपण दगड, ढेकळं, पाला वेचून फेकायचा. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

आई म्हणाली, शेतावर ये, एक दिवस तरी, सगळे विचारतात. काम आहे म्हटलं. काम होतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

शाळा सुरू. सिस्टिमने सकाळीच लाल खूण दाखवली.

ऑड्रा सीर: ७:०४ ते ७:१५. अकरा मिनिटांत एक्केचाळीस कार्डं. 'माझ्या शब्दांत' ही चौकट एक्केचाळीसही कार्डांत चिकटवलेली. टाइप केलेलं अक्षर एकही नाही. कामाचे दिवस: एक.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मजकूर ऑनलाइन उपलब्ध असलेल्या स्रोतांशी ताडून पाहिला. कुठेही जुळत नाही. म्हणजे उतरवून घेतलेला नाही. मग यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतलेला असण्याची शक्यता वाढते. यंत्राने लिहिलेला मजकूर कुठे जुळत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नेलँडरबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"ती शेतावर होती, कॉरिन."

"माहीत आहे. सुट्टी होती."

"सुट्टी." त्यांनी तो शब्द जिभेवर घोळवला. "बारा तास पट्ट्यावर उभं राहण्याला सुट्टी म्हणणारी अख्ख्या आरूस्टुक काउंटीत तू पहिलीच. तुझे आजोबा असते तर पोतंच घातलं असतं डोक्यात."

"मी शब्द सिस्टिमचा वापरतेय."

"सिस्टिमला कुणी शिकवला?"

प्रश्न तांत्रिक नव्हता.

"अगं, यंत्राला विचारतेस तसं पोरीलाही विचार की," त्या म्हणाल्या. "तेवढंच तुझंही बोलणं होईल कुणाशी तरी."

मी सांगितलं की आधी विद्यार्थ्याशी बोललं तर चौकशी दूषित होते. त्या पुस्तकं लावायला गेल्या. आज पाव आणला नव्हता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

इंग्रजीचे पॉमरलो सर आले. ऑड्राचा वर्ग त्यांचाच. त्यांनी लाल खूण पाहिली होती.

"मुलगी हुशार आहे हो," म्हणाले, "पण यंदा मला पाच जणांनी यंत्राचे निबंध दिलेत. कुणावर विश्वास ठेवायचा? तुमचं बरं आहे, तुमच्याकडे आकडे आहेत."

लेखी अहवाल मागितला.

मी आज तिची कार्डं पुन्हा उघडून पाहिली. वेळेचे आकडे बरोबर होते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

अहवाल दिला. एक पान. नोंदीत जे दिसतं तेवढंच. 'फसवणूक' हा शब्द कुठेही नाही. वाचणाऱ्याने तो अर्थ काढला तर तो वाचणाऱ्याचा.

नेलँडरबाईंनी प्रत वाचून परत दिली. "शुद्धलेखन चांगलं आहे," म्हणाल्या.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

प्राचार्य ब्रेनन यांच्या खोलीत बैठक. ते, पॉमरलो सर, नेलँडरबाई, मी, ऑड्रा. तिची आई येऊ शकली नाही. बटाट्याच्या गोदामात कामाची पाळी होती. जसं बोलणं झालं तसं लिहून ठेवते.

ब्रेनन सर: "एक्केचाळीस कार्डं अकरा मिनिटांत. कसं काय, ऑड्रा?"

"फोनमध्ये लिहिली होती. शेतावर. जेवणाच्या वेळी, आणि पट्टा बंद पडला की. तिथे रेंज नाही. शाळेत आल्यावर चिकटवली."

"तीन आठवडे फोनवर लिहीत होतीस."

"काकांचा हार्वेस्टर तुम्ही पाहिला नाही, सर. दिवसातून दोनदा तरी बंद पडतो. सगळे शिव्या देतात, मी लिहिते."

पॉमरलो सर हसले आणि लगेच थांबले.

"फोन दाखव," ब्रेनन सर म्हणाले.

"त्यात नाहीत आता. जागा भरली होती. चिकटवून झाल्यावर पुसली."

"हे जरा सोयीचं आहे, नाही का?"

"मला तर गैरसोयीचं झालंय."

नेलँडरबाई म्हणाल्या की त्यांनी चार आठवडे रोज तिला ते खंड वाचताना पाहिलं आहे. ब्रेनन सर म्हणाले, वाचलं याबद्दल वाद नाही, लिहिलं कोणी हा प्रश्न आहे. मग माझ्याकडे वळले. मी अहवाल वाचून दाखवला. दोन मिनिटं लागली.

ऑड्रा माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "मॅडम, कार्डाखाली कोणी पाहिलं ते दिसतं. तुम्ही माझी कार्डं एकोणीस वेळा उघडलीत. दर वेळी चार-पाच सेकंद. तेवढ्यात वाचून होतं?"

"हा इथला विषय नाही," पॉमरलो सर म्हणाले.

"नाही ना. मी आपलं विचारलं. कमी वेळात झालं म्हणजे केलंच नाही, असं इथे चाललंय म्हणून."

निर्णय: शोधनिबंध नापास. वसंतात पुन्हा. कॉलेजला तसं पत्र आज जाईल.

ती उठली, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेली. नेलँडरबाई तिच्या मागे गेल्या.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आकडे तपासले. एकोणीस वेळा. सर्वात जास्त वेळ पाच सेकंद. तिचं म्हणणं अचूक आहे. मी दर वेळी उजव्या कोपऱ्यातली वेळ पाहत होते. मजकूर फक्त कुठे जुळतो का हे पाहण्यापुरता सिस्टिममध्ये घातला होता. वाचला नव्हता.

२५ ऑक्टोबर, शनिवार

नेलँडरबाईंकडून ग्रंथालयाची किल्ली घेतली. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही.

एक्केचाळीस कार्डं छापून घेतली. 'सेंटिनल'चे खंड काढले आणि एकेक कार्ड मूळ पानाशी ताडलं. उताऱ्याच्या चौकटीत तिने फक्त खंडाचा क्रमांक दिला होता. सकाळी नऊ ते चार. जे आढळलं ते असं:

एकतीस कार्डांतली माहिती फक्त या खंडांत आहे. हे साप्ताहिक कोणी कधी संगणकावर चढवलेलं नाही. या इमारतीबाहेर त्याची प्रत नाही. कुठल्याही यंत्राने ते वाचलेलं असणं शक्य नाही. हे मला ७ ऑक्टोबरलाच कळायला हवं होतं. ऑनलाइन कुठेच न जुळण्याचा मी एकच अर्थ लावला. ते ऑनलाइन नाहीच, हा दुसरा अर्थ माझ्यापासून वीस पावलांवर फळीवर होता.

सहा कार्डांत चुका आहेत. कारखान्यात सोळा कामगार होते, ती एकोणीस म्हणते. आग नोव्हेंबरात लागली, तिने काढणीच्या दिवसांत लागली असं लिहिलं आहे. दोन भावांपैकी ज्याने कारखाना विकला त्याच्या जागी दुसऱ्याला घातलं आहे. पुस्तक समोर असतं तर या चुका झाल्या नसत्या. या आठवणीच्या चुका आहेत. ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि आकडा निसटला आहे, तो अशा करतो.

एका कार्डातली 'माझा विचार' ही चौकट उतरवून ठेवते:

"पेपरवाला लिहितो की कारखान्याचा चोथा ओढ्यात सोडत आणि वास दोन मैल जाई. म्हणून गावाने तक्रार केली. पण तक्रारीवर कामगारांपैकी कुणाचीच सही नाही. मला वाटतं त्यांना वास येत नसणार. आज आमच्या पट्ट्यावर सडका माल आला. पहिला तास मळमळलं. जेवायच्या वेळी मी तेच हात पुसून डब्यातली प्लोयची धिरडी खाल्ली आणि वास आठवेना. मग त्यांनी सही कशावर करायची?"

हे मी दोनदा वाचलं. वेळ लावली नाही.

मग ग्रेडन व्हिटेकरची कार्डं वाचली. एकोणीस तासांचं काम. मूळ वाक्यं घेऊन दर चौथा शब्द बदललेला. हाताने, सावकाश, रोज पाऊण तास.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सुधारित अहवाल घेऊन ब्रेनन सरांकडे गेले. त्यात लिहिलं आहे: कॅलेंडरमध्ये काढणीचे दिवस मी सुट्टी म्हणून भरले, त्यामुळे त्या दिवसांत झालेलं काम सिस्टिमला दिसणं शक्य नव्हतं. चिकटवणं म्हणजे उचलणं नव्हे. वेळेवरून लेखक ठरवता येत नाही. सोबत खंडांच्या पानांचे क्रमांक.

त्यांनी पूर्ण वाचलं. याला बराच वेळ लागला.

"कॉरिन, हे जिल्ह्यात गेलं तर तुमचा प्रयोग बुडाला, कळतंय ना?"

"हो."

"आणि पुढच्या वर्षीचा करारही."

"ते अहवालात येत नाही, सर."

त्यांनी पॉमरलो सरांना बोलावलं. सरांनी ओढ्याचं कार्ड वाचलं, खिडकीकडे गेले, परत आले. "अहो, ही अशीच बोलते वर्गात," म्हणाले. "मी ओळखायला हवं होतं." ग्रेडनच्या कार्डांचं विचारलं तर म्हणाले, "तो माझ्यावर सोडा. त्याला माझ्यासमोर बसवून लिहायला लावतो."

नापासचा निर्णय मागे. पण कॉलेजला गुरुवारीच पत्र गेलं होतं. आज सकाळी त्यांचं उत्तर आलंय: जागा रद्द, प्रतीक्षायादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला कळवण्यात येईल.

"मी लिहितो त्यांना," ब्रेनन सर म्हणाले. "दोन-चार दिवसांत."

मी त्यांच्या टेबलावरून कॉलेजचा नंबर उतरवून घेतला.

प्रवेश विभागातल्या बाईंनी फोन उचलला. मी नाव, शाळा, विद्यार्थिनीचं नाव सांगितलं. निर्णय बदलल्याचं सांगितलं.

"तुम्ही तिच्या कोण?" त्यांनी विचारलं. "आई? समुपदेशक?"

"नाही."

"मग कोण म्हणून लिहू? इथे रकाना आहे."

"ज्या अहवालावरून ती नापास झाली तो मी लिहिला होता."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. "आणि आता?"

"तो चुकीचा होता."

"असं फोनवर कुणी सांगत नाही हो सहसा," त्या म्हणाल्या. "बरं, ऐका. पुढच्या मुलाला पत्र दुपारच्या टपालाने जातं. ते मी उद्यावर ठेवते. मला लेखी हवं, प्राचार्यांच्या सहीने, आज पाचच्या आत. आणि मोठं नको. समितीतलं कुणी पानभर वाचत नाही. दोन ओळी पुरेत."

माझं पत्र चार पानांचं झालं होतं. कॅलेंडर, चिकटवणं, खंड, पानांचे क्रमांक. सगळं बरोबर होतं. सगळं काढलं. उरलं ते हे:

"ऑड्रा सीर हिच्याबद्दलचा २१ ऑक्टोबरचा माझा अहवाल चुकीचा आहे. काम तिने स्वतः केलं होतं. मी ते न वाचता अहवाल दिला."

ब्रेनन सरांनी सही केली. ४:२० ला पाठवलं. ४:३१ ला पोच आली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

जागा कायम. ब्रेनन सरांनी ऑड्राला सांगितलं. मी तिथे नव्हते.

३ नोव्हेंबर, सोमवार

ऑड्राला सहा चुका दाखवणं भाग होतं. यादी करून दिली. तिने वाचली.

"एकोणीस नव्हते?"

"सोळा."

"मला एकोणीसच आठवत होते." मग म्हणाली, "तुम्ही सगळी ताडलीत?"

"हो."

"किती वेळ लागला?"

"सात तास."

तिने मान डोलावली आणि यादी घडी करून खिशात टाकली. माफी मागायचं मी ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. तोवर ती खंडांच्या फळीकडे गेली होती, आणि मला वाटलं की ते वाक्य तिच्यापेक्षा माझ्या कामाचं आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

जिल्ह्याला अहवाल पाठवला. शिफारस: कार्डं ठेवावीत, वेळेवरून लागणारी लाल खूण बंद करावी, नोंदी वाचण्यासाठी शिक्षकाला तास द्यावेत. तिसऱ्या मुद्द्याला खर्च येतो, त्यामुळे तो मान्य होणार नाही. नेलँडरबाईंनी प्रत मागून घेतली. या वेळी शुद्धलेखनाबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "शनिवारी जेवायला ये." मी हो म्हटलं. नंतर लक्षात आलं की विचार न करता म्हटलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ऑड्राचा शाळेतला शेवटचा दिवस. निबंध पास. दुपारी माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, माझं खातं बंद करता येईल का? कार्डं, सगळं."

"खातं बंद होईल. नोंदी पुसता येत नाहीत. सात वर्षं ठेवाव्या लागतात, नियम आहे."

"ती अकरा मिनिटंपण?"

"हो."

"आणि तुमचा तो पहिला अहवाल?"

"तोही. दोन्ही अहवाल, एकाखाली एक."

तिने जरा विचार केला. हातमोजे घातले, बोटं एकेक करून नीट बसवली.

"मग असू दे," म्हणाली. "दोघींचंही राहू दे."

२:४० ला खातं बंद केलं.